आईचा कॅन्सर, घरावरचं कर्ज आणि पीएचडी

प्रश्न : ताई, मी धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यातली, वय २३. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाले, ६८ टक्के. दोन वर्षांपूर्वी आईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. बार्शीला निदान झालं, मग रेडिएशन आणि सोबत दर आठवड्याला केमोची एक सलाइन. आता ती बरी आहे. तेव्हापासून मनात एकच आहे, कॅन्सरवर संशोधन करायचं, औषध शोधायचं. संशोधन फेलोशिपसाठीची सीएसआयआर-नेट परीक्षा एकदा दिली, निघाली नाही. पुण्यातल्या एका सल्लागाराने इंग्लंडमधला कॅन्सर बायोलॉजी आणि उपचार असा एक वर्षाचा एम.एस्सी. सुचवलाय. सगळं धरून ३४ लाख. पंधरा दिवसांत डिपॉझिट भरा, नाहीतर जागा जाईल म्हणतो. बाबांचं खतांचं दुकान आहे, घर तारण ठेवायला ते तयार आहेत. मामा म्हणतो, बी.एड. कर. कर्ज काढून जाऊ का? एमबीबीएस नसताना उपचारांवरचं संशोधन करता येतं का? आमच्या कॉलेजात सेल कल्चर, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवणं, फक्त पुस्तकात होतं, आणि माझं इंग्रजीही बेताचं. शेवटचं विचारायची भीती वाटते, पण विचारते : मलाही होईल का?

उत्तर : अगं, आधी पैशाचं बोलू. त्या माणसाने तुला पंधरा दिवसांची मुदत दिलीय, आणि मुदत आली की भल्याभल्यांचं डोकं चालेनासं होतं.

३४ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड. हप्ता महिन्याला साधारण ४६ हजार बसतो. आपल्याकडे पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला केंद्राची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना ३७ हजार मिळते, दोन वर्षांनी सीनिअर झाल्यावर ४२ हजार, घरभाडं वेगळं. म्हणजे इंग्लंडहून परत येऊन तू संशोधनच करायचं ठरवलंस, तर अख्खी फेलोशिप बँकेला देऊनही हप्ता पुरा होणार नाही. मग तू काय करशील ते मी आत्ताच सांगते : मिळेल ती नोकरी धरशील आणि संशोधन सोडशील. कर्ज काढलं संशोधनासाठी, आणि संशोधन सुटलं कर्जापायी. अशा मुली मी पाहिल्या आहेत, चांगल्या हुशार.

तिथेच राहून पीएचडी करता येईल, असं सल्लागार म्हणाला असेल. येते करता. पण ब्रिटनमध्ये सरकारी संशोधन निधीवरच्या पीएचडीच्या जागांत परदेशी विद्यार्थ्यांना ३० टक्क्यांची मर्यादा आहे आणि त्या जागांवर अख्ख्या जगातून अर्ज पडतात. शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारा दोन वर्षांचा व्हिसा २०२७ पासून दीड वर्षावर येतोय. आणि एक गोष्ट त्याने सांगितली नसेल. विद्यार्थी दाखल झाला की बरीच परदेशी विद्यापीठं अशा सल्लागारांना कमिशन देतात. त्यात बेकायदा काही नाही. फक्त त्याची घाई कशाची आहे, एवढं लक्षात ठेव.

तो अभ्यासक्रम वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरी पैसा आहे किंवा ज्याला शिष्यवृत्ती मिळालीय त्याने खुशाल जावं. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत, विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, ती बघून अर्ज कर. पण घर तारण ठेवून नाही. डिपॉझिट भरू नकोस.

आता तुझा दुसरा प्रश्न. त्याच्यात मला जास्त रस आहे.

एमबीबीएस नसताना उपचारांवर संशोधन करता येतं का? रक्ताच्या काही कॅन्सरवर देशात बनलेली पहिली कार-टी उपचारपद्धती, नेक्सकार१९, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती आकाराला आली पवईत, आयआयटी मुंबईच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, बाहेर त्यांच्यात एक नवं जनुक घालायचं, म्हणजे त्या सीडी१९ नावाची खूण असलेल्या कॅन्सरपेशी ओळखायला लागतात, मग वाढवून परत शरीरात सोडायच्या. यातलं जनुक बांधणं, ते पेशीत पोचवणारा विषाणू तयार करणं, उंदरांवर तपासणं, हे जीवशास्त्रवाल्यांचं काम. रुग्णांवरच्या चाचण्या केल्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी. दोघांपैकी एकालाही एकट्याने हे जमलं नसतं.

पण तुझ्या पत्रात ‘औषध शोधायचं’ असं आहे, तिथे मी जरा अडखळले. तुझ्या आईला रेडिएशनबरोबर दर आठवड्याला जी सलाइन लावत होते, ते बहुधा सिस्प्लॅटिन असणार. जुनं औषध, १९७८ पासून अमेरिकेत वापरात. ते रेडिएशनसोबत दिलं तर फायदा होतो असं पाश्चात्त्य अभ्यासांतून पुढे आलं होतं, पण आपल्याकडच्या बायका येतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यांना, तिसऱ्या टप्प्याच्या पुढच्या भागातल्यांना, खरंच उपयोग होतो का? टाटा मेमोरियलने २००३ ते २०११ या काळात अशा ८५० बायकांना अभ्यासात घेतलं. निम्म्यांना नुसतं रेडिएशन, निम्म्यांना सोबत सिस्प्लॅटिन. निकाल छापून आला २०१८ साली. पाच वर्षांनी आजार परत न आलेल्यांचं प्रमाण ४३.८ वरून ५२.३ टक्क्यांवर गेलं होतं. नवं औषध कुणीच शोधलं नाही. जुनंच औषध, नीट विचारलेला प्रश्न, आणि पहिल्या रुग्णापासून निकालापर्यंत पंधरा वर्षं. उपचारांवरचं संशोधन बहुतेक वेळा असं असतं.

आणखी जवळचं सांगते. १९९९ च्या शेवटापासून तुझ्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून केला. गावांचे ५२ गट पाडले. काही गावांत एचपीव्हीची, म्हणजे या कॅन्सरमागच्या विषाणूची, चाचणी, काहींत पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि काहींत नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षं पाठपुरावा केला. ज्या गावांत एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदाच झाली होती, तिथे पुढच्या टप्प्यातले कॅन्सर आणि त्याने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी निघाले. २००९ मध्ये हे जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि आज जगभर एचपीव्ही चाचणीची शिफारस होते तेव्हा त्याचा हवाला देतात. तुझ्या आजीला विचार, त्या वेळी गावात तपासणीची गाडी आली होती का.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की ‘कॅन्सर संशोधन’ या एका नावाखाली तीन वेगळ्या कामांची माणसं राहतात, आणि एकात रमणारा दुसऱ्यात गुदमरतो. एक बाकावरचं काम, म्हणजे पेशी, प्रथिनं, उंदीर. दुसरं रुग्णांच्या बाजूचं : चाचण्या आखणं, संमतीपत्रं, फॉलोअप, नोंदी, नियम. त्यात डॉक्टर पुढे दिसतात, पण मागे समन्वयक, डेटा मॅनेजर आणि संख्याशास्त्रज्ञ नसले तर गाडा हलत नाही. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये क्लिनिकल रिसर्चचा एम.एस्सी.सुद्धा आहे. तिसरं डेटाचं काम. अमेरिकेच्या टीसीजीए प्रकल्पाने ३३ प्रकारच्या कॅन्सरचा जनुकीय डेटा जगाला खुला केलाय, गर्भाशयमुखाचाही त्यात आहे. लॅपटॉप, इंटरनेट आणि ‘आर’ नाहीतर पायथॉन ही संगणकाची भाषा शिकायची चिकाटी असली की परंड्यात बसून त्यावर हात बसवता येतो. पैसे लागत नाहीत. तू सूक्ष्मजीवशास्त्राची म्हणून पहिल्याच रांगेत जाऊन बसशील असं मला वाटतं, पण उरलेल्या दोन रांगा न बघता बसू नकोस.

पहिल्या रांगेत रोज काय असतं? हूडसमोर, म्हणजे जंतुविरहित हवेच्या कपाटासमोर, बसून पेशींचं माध्यम, म्हणजे त्यांचं पोषक द्रव, बदलणं. दोन-तीन दिवसांनी फ्लास्क भरतो, मग पासेज करायचा, म्हणजे थोड्या पेशी नव्या फ्लास्कात न्यायच्या. पेशींना रविवार कळत नाही, दिवाळीही कळत नाही. एक दिवस सगळ्या डिश गढूळ दिसतात : कंटॅमिनेशन, सगळं फेका. त्याहून वाईट मायकोप्लाझ्मा नावाचा जीवाणू, कारण तो दिसतच नाही आणि तुझे सहा महिन्यांचे आकडे गुपचूप खोटे करून ठेवतो. ॲन्टिबॉडी मागवली की परदेशातून यायला आठवडे जातात, आली की चालत नाही. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं ओळखायच्या चाचणीत, हवी ती पट्टी तिसऱ्या-चौथ्या खेपेला दिसते आणि गाइड विचारतात, कंट्रोल कुठाय? पाच वर्षं म्हणता म्हणता सहा होतात. मधल्या काळात आईच्या आजाराची आठवण तुला प्रयोगशाळेत घेऊन येईल, हे खरं. पण रात्री साडेनवाला पुन्हा तोच ब्लॉट लावायला ती पुरत नाही. तिथे कामाचीच गोडी लागते. तुला ती आहे की नाही, हे तुलाही माहीत नाही, मलाही नाही, कारण तू सेल कल्चर अजून केलेलंच नाहीस. आणि तू त्यासाठी घर तारण ठेवायला निघालीयस!

म्हणून पहिलं काम : सहा महिने ते वर्षभर एखाद्या प्रयोगशाळेत जा. प्रोजेक्ट असिस्टंट, प्रोजेक्ट असोसिएट, ट्रेनी, मिळेल त्या नावाने. खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियल सेंटरचं संशोधन केंद्र आहे. पुण्यात एनसीसीएस आणि आयसर या संशोधन संस्था आहेत. प्रकल्पांच्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवर येत राहतात, मुदत बऱ्याचदा आठ-पंधरा दिवसांचीच असते, तेव्हा दर सोमवारी बघत जा. पगार फेलोशिपपेक्षा कमी असेल. पुण्यात कॉटबेसिसवर निघेल, मुंबईत ओढाताण होईल. आणि ‘पंधरा दिवसांत कॅन्सर बायोलॉजी’ असली फी घेणारी खासगी प्रशिक्षणं करू नकोस. त्या प्रमाणपत्राने आतापर्यंत कुणाला मुलाखतीत मार्क मिळालेले मला माहीत नाहीत.

जाहिरातीची वाट न बघता गाइडना ईमेलही करता येतो. ‘आय हॅव कीन इंटरेस्ट इन कॅन्सर’ छापाची पत्रं आम्हाला प्रयोगशाळेत आठवड्याला ढिगाने यायची आणि ती उघडायच्या आधीच कळायची. त्याऐवजी एका गाइडचा एकच अलीकडचा पेपर घे. आधी आकृत्या बघ, मग त्याखालच्या ओळी, मग पद्धती, गोषवारा शेवटी. दोन दिवस लागू देत. मग दहा ओळींचं पत्र लिही. तू कोण, तुला काय येतं, त्या पेपरातली अमुक आकृती वाचताना तुला काय प्रश्न पडला, आणि तू कोणत्या महिन्यापासून येऊ शकतेस. एका पानाचा बायोडेटा जोड. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण कर आणि पुढच्या गाइडकडे वळ. जिथे बोलावतील तिथे गाइडइतकंच तिथल्या विद्यार्थ्यांशी बोल. चहाला बाहेर काढून विचार : आधीच्यांना किती वर्षं लागली, मधेच कुणी सोडून गेलं का, पेपरवर पहिलं नाव कुणाचं येतं. भिंतीवर कितीही पुरस्कार लावलेले असू देत, गाइड याच उत्तरांवरून निवडायचा. विषय दुसरा मिळाला तरी चालतो, गाइड चुकला तर सहा वर्षं जातात.

दुसरं काम नेट, ते सोबतच करायचं. पेपर २०० मार्कांचा, त्यात निम्मे भाग सी चे : ७५ प्रश्नांतले कुठलेही २५ सोडवायचे, प्रत्येकी चार मार्क. तिथे पाठांतर चालत नाही, प्रयोग समोर ठेवून निष्कर्ष विचारतात. आपली कॉलेजमधली मुलं नेमकी तिथे अडकतात, आणि प्रयोगशाळेत काम केलेल्यांना तोच भाग सोपा जातो. कॅन्सर हा तेरा युनिटांतल्या चौथ्यातला एक तुकडा आहे, तेव्हा आवडीचं म्हणून तेवढंच वाचत बसू नकोस. आता नेटमधून नुसती पीएचडी प्रवेशाची पात्रताही मिळते, पण तिच्यासोबत पैसे येत नाहीत. तू जेआरएफचंच, म्हणजे त्या ज्युनिअर फेलोशिपचंच, लक्ष्य ठेव. त्याला वयोमर्यादा आहे, पण मुलींना पाच वर्षांची सवलत मिळते, म्हणजे तुला अजून बरेच प्रयत्न आहेत. शिवाय गेट ही परीक्षा आहे, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा आहे. तू प्रवर्ग लिहिला नाहीस. बार्टी, सारथी, महाज्योती यांपैकी जी संस्था तुला लागू असेल तिच्याकडे संशोधन फेलोशिप असते, स्पर्धा परीक्षांच्या तयारीच्या योजनाही असतात, चौकशी कर.

परदेशात जायचंच असेल तर वर्षाच्या अनुभवानंतर, गाइडच्या शिफारसपत्रासह, थेट पीएचडीला अर्ज कर. अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएचडीला सहसा फी माफ असते आणि स्टायपेंड मिळतो. जर्मनीत हायडेलबर्गला डीकेएफझेड हे देशाचं कर्करोग संशोधन केंद्र आहे, तिथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना पगार मिळतो आणि काम इंग्रजीत चालतं. एम.एस्सी.च करायचा हट्ट असेल, तर त्याच गावातल्या विद्यापीठात युरोपीय संघाबाहेरच्यांना फी सत्राला १५०० युरो आहे. राहण्याचा खर्च वेगळा, तरी ३४ लाखांशी तुलना करून बघ.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. पेपरांचं इंग्रजी हे तीन-चारशे वाक्यांचं इंग्रजी आहे, तीच ती फिरून येतात. आठवड्याला एक पेपर नेटाने वाचलास तर वर्षभरात ते अंगवळणी पडेल. बोलायचं इंग्रजी प्रयोगशाळेत आपोआप सुधारतं, तमिळ आणि बंगाली मुलांशी दुसऱ्या कुठल्या भाषेत भांडणार?

कमल रणदिवे यांचं नाव तू ऐकलं नसशील, आपल्या पाठ्यपुस्तकांनी ती काळजी घेतली आहे. १९१७ साली पुण्यात जन्म, फर्ग्युसनमधून पदवी, मग मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली काम. त्याही एमबीबीएस नव्हत्या, पेशीविज्ञानाच्या होत्या. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धन, म्हणजे पेशी आणि ऊती शरीराबाहेर वाढवणं, शिकून आल्या आणि मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. तेच केंद्र पुढे टाटा मेमोरियलमध्ये विलीन झालं आणि आज खारघरला आहे, जिथे तुला मी अर्ज करायला सांगतेय. आणि गाय यांची ती प्रयोगशाळा म्हणजे जिथे १९५१ मध्ये हेला पेशी पहिल्यांदा वाढल्या. हेन्रिएटा लॅक्स नावाच्या ३० वर्षांच्या, पाच मुलांच्या आईच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या. गर्भाशयमुखाचाच कॅन्सर होता तो. जगातले कितीतरी नवे विद्यार्थी सेल कल्चरचा हात याच पेशींवर बसवतात, तूही बहुधा बसवशील. त्या दिवशी तुला आईची आठवण येईल, येऊ दे. पण डिशवर तारीख आणि पासेज नंबर टाकायला विसरू नकोस.

मामांचं बी.एड. तूर्त बाजूला ठेव, पण मामांवर रागावू नकोस. पीएचडीनंतर प्राध्यापकांच्या जागा कमी आहेत, पोस्टडॉकमध्ये, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या जागांवर, तिशी उलटते, पुण्या-हैदराबाद-बंगळुरूच्या कंपन्यांत नोकऱ्या आहेत, पण त्यांना हातातलं कौशल्य लागतं, नुसती पदवी नाही. त्यांची काळजी अगदीच पोकळ नाही. वर्षभर प्रयोगशाळेत राहून तुला ते काम आवडलं नाही, तर बी.एड. कुठे पळून जात नाही.

राहिली भीती. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ राहिलेल्या संसर्गातून होतो. स्तनाच्या काही कॅन्सरसारखा तो जनुकांतून आईकडून लेकीकडे सहसा येत नाही. आईला झाला म्हणून तुला होणार, असं नाही. सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी असून हे तुला कुणी नीट सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं. त्याविरुद्ध लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २६ वर्षांपर्यंतच्या मुलींना देता येते, तुझ्या वयाला तीन डोस. लग्नाआधी घेतलेली जास्त चांगली. बार्शीला आईच्या पुढच्या फॉलोअपला जाशील तेव्हाच तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून पहिला डोस घे. आणि लस घेतली तरी तिशीनंतर एचपीव्ही चाचणी करायचीच.